नाव काय ठेवणार होतात?

आज सकाळी लिफ्टमध्ये ऐकलं. "तिच्यासमोर बाळाचा विषय काढू नका हं. आणि रविवारच्या डोहाळजेवणाला नकोच बोलवायला." तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं, त्याला अजून महिनाही झालेला नाही. डोकंच फिरलं माझं. दुःख तिला झालंय, विटाळ तुम्हाला कसला झाला?

माझ्या काकूची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही. दुपट्यात गुंडाळून पुरुष घेऊन गेले, कुठे पुरलं ते काकूला कुणी सांगितलं नाही. लहानाचं सुतक नसतं म्हणे. दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला कुणी नाही. छाती दुधानं भरून ठणकायची, तर आजीनं जुनं लुगडं फाडून घट्ट बांधून दिलं आणि म्हणाली, होईल दुसरं.

2011 च्या जनगणनेला गुरुजी दारात आले. जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती, असं त्या फॉर्मात विचारतातच. काकू ताडकन म्हणाली, "चार." आतून काका ओरडले, "तीन! तीन लिहा." गुरुजींनी दोन्ही लिहिलं. चार जन्मली, तीन हयात. "सरकारनं लिहून घेतलं हो तिला," काकू पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

सरकारी कागदाला कळतं, आपल्याला कळत नाही!

पूर्वी घरोघरी मुलं जायची, रडायला सवड नव्हती, मान्य. काही आयांना बोलायचं नसतं, तेही खरं. पण विचारा तरी! पितृपक्षातली त्रयोदशी लहान लेकरांची मानतात. किती घरांत त्या दिवशी दूधभाताची वाटी निघते? 15 ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजता अशा बाळांसाठी देशोदेशी तासभर दिवे लावतात. पणत्या तर आपल्या घरात पडून असतात.

दुपारी खिचडीचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. काय बोलावं सुचेना. शेवटी विचारलं, "नाव काय ठेवणार होतात गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बोलायला लागली ती थांबेचना. दाट जावळ, आजोबांसारखे कान, झोपेत मूठ गालाशी. निघताना कपाटातून टोपडं आणून माझ्या हातात दिलं. "धुतलं नाहीये काकू. वास घेऊन बघा."

घेतला.

नाव इथे लिहीत नाही, ते तिनं सांगायचं. 15 तारखेला सातला आम्ही दोघी गच्चीवर पणत्या लावतोय. ज्यांचं कुणी असं गेलंय त्यांनी या, कितीही वर्षं झालेली असोत. काकूच्या लेकीची एक मी लावणार आहे.