वाहून गेलेली चप्पल

परवा रात्री अंथरुणं घालताना मोठीने सहज विचारलं, "आई, समुद्रात माझी चप्पल खरंच वाहून गेली होती का गं?"

उशीचा अभ्रा हातात धरून मी तशीच उभी. खरंच म्हणजे? ही गोष्ट गेली सहा वर्षं आमच्या घरात नांदतेय. ती तीन वर्षांची होती तेव्हा. लाट आली आणि एका पायातली चप्पल घेऊन गेली. ही रडली नाही की ओरडली नाही. दुसऱ्या पायातली काढून तीही पाण्यात भिरकावली आणि म्हणाली, "तिला एकटं वाटेल ना." पुढची तीन-चार वर्षं घरी येईल त्याला ही गोष्ट तिनेच सांगितली. हातवारे करून, लाटेचा आवाज काढून, दर वेळी लाट थोडी मोठी करत. आणि आता नऊ वर्षांची झाल्यावर मलाच विचारते, खरंच झालं होतं का.

"तुला आठवत नाही?"

"तू सांगतेस म्हणून माहितीये. पण दिसत नाही." तिने डोळे घट्ट मिटून प्रयत्नही केला. "नाहीच दिसत."

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं याबाबतीत ठाम मत आहे. पोरं सहा-सात वर्षांची होईपर्यंत त्यांना कुठे नेऊच नये. "पैसे जातात ते जातात, तुमची दमछाक होते ती वेगळीच, आणि त्यांना आठवणार काय? कप्पाळ!" मी दर वेळी हिरिरीने वाद घालते. त्या रात्री मात्र वाटलं, घ्या, जिंकल्या जाऊबाई.

झोप येईना म्हणून वाचत बसले. मोठेपणी आपल्याला पहिली तीन-साडेतीन वर्षं जवळपास कोरी दिसतात, हे ठाऊक होतं. माझी समजूत अशी होती की एवढ्या लहान वयात आठवण तयारच होत नसणार. तसं नाहीये. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या आपल्या आईशी झालेल्या गप्पा रेकॉर्ड केल्या. नुकत्याच घडलेल्या गोष्टींच्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयाची चक्कर वगैरे. मग तीच मुलं पाच ते नऊ वर्षांच्या दरम्यान असताना त्यांना त्याच गोष्टी पुन्हा विचारल्या. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्क्यांहून कमी.

म्हणजे आठवण होती. चांगली धडधाकट, चालतीबोलती होती. आमच्या मोठीने ती तीन-चार वर्षं वापरली, आणि मग सातव्या-आठव्या वर्षाच्या आसपास कधीतरी ती हातातून निसटली. आम्हाला कळलंसुद्धा नाही.

मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं. उलट जाऊबाईंना फोन करावासा वाटला. (रात्रीचा एक वाजला होता, केला नाही.) कारण त्यांचं म्हणणं म्हणजे, आठवण मोठेपणापर्यंत टिकणार नसेल तर ती गेलीच वाया. अहो, तीन वर्षांच्या पोरीने एक गोष्ट सात वर्षांची होईपर्यंत सांगितली, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य ती गोष्ट तिच्याजवळ होती! चाळिशीतल्या माणसाला वीस-बावीस वर्षं जपलेली आठवण असावी, तसलाच हिशोब झाला हा. त्याला वाया गेलं म्हणायचं?

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिने मात्र माझे कान पिळले. ज्या आया मुलांना बोलण्याची सूत्रं देत, "मग? अजून सांग ना" म्हणत त्यांच्या मागे मागे जात, त्यांच्या मुलांच्या आठवणी पुढे जास्त भरीव निघाल्या. आता आपल्याकडे काय चालतं ते आठवा. सहलीहून आलो की पहिल्या पाहुण्यासमोर पोराला उभं करायचं. "सांग काकूला, काय काय पाहिलं आपण? हत्ती पाहिला ना? किती मोठ्ठा होता? आणि त्याने सोंडेने काय केलं? सांग ना, आत्ता तर सांगत होतास!" पोर खांबासारखं उभं. शेवटी आपणच सगळं सांगून टाकतो आणि वर म्हणतो, लाजतोय. लाजत वगैरे नाहीये तो. त्याची तोंडी परीक्षा चाललीये, आणि उत्तरपत्रिका आपण आधीच लिहून ठेवलीये.

मी हे भरपूर केलंय. धाकट्याच्या वेळी तर जास्तच, कारण तोवर हातात मोबाइल आला होता आणि दर दोन मिनिटांनी "इकडे बघ, हस" चालू असायचं.

मागच्या सहलीहून आल्यावर ठरवलं की विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं. धाकटा तेव्हा साडेतीनचा. चार दिवसांत आम्ही डोंगर पाहिला, तळं पाहिलं, एक मोठं जुनं संग्रहालय पाहिलं, बोटीत बसलो. त्याच्या तोंडून त्या सहलीचं नाव काय पडलं? "बटणाचं गाव." उतरलो होतो तिथल्या लिफ्टचं बटण त्याच्या बरोब्बर उंचीवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठं यंत्र त्याच्या बोटाने हललं. दाबलं की लाल दिवा, मग आत कुठेतरी घरघर, मग 'टिंग', आणि दार उघडून एखादं अनोळखी माणूस बाहेर. दर वेळी वेगळं माणूस! त्याच्या लेखी ती माणसं तोच तयार करत होता. एकदा दारातून कोणीच निघालं नाही तेव्हा आत वाकून बघून म्हणाला, "संपली."

आता सांगा, त्या तळ्याची काय बिशाद?

त्या चार दिवसांत त्या बटणापाशी आमचे किमान दोन तास तरी गेले असतील. पहिल्या दिवशी मी चिडचिड केली, कारण संग्रहालय पाचला बंद होणार होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबांनी एक खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि पेपर वाचत बसले. लग्नाला बारा वर्षं झाली, या माणसाचा इतका आदर मला क्वचितच वाटला असेल.

मोठ्यांची सहल ठिकाणांची असते आणि मुलं ठिकाणांमधल्या जागेत राहतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं शरीरही वेगळ्याच कामाला लागलेलं असतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नुकतंच चालू लागलेल्या, म्हणजे साधारण एक ते दीड वर्षाच्या बाळांची पावलं मोजली होती. मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! मी तासाला तीनदा पडले तर मला हॉस्पिटलात नेतील. आणि अशा माणसाला आपण बाबागाडीत बांधून सहा तास नकाशाप्रमाणे फिरवायचं आणि वर म्हणायचं, किरकिर करतो.

गाडीतल्या प्रवासाचंही तेच. मोबाइल दिला की शांतता मिळते असा माझा समज होता. पहिल्याच घाटात ती शांतता माझ्या मांडीवर उलटली. कारण साधं आहे. आतला कान सांगतो आपण हलतोय, आणि स्क्रीनला चिकटलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. मेंदूची या भांडणात पंचाईत होते. गाडी लागण्याचा हा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त असतो, दोनच्या आतल्या बाळांना क्वचितच होतो. उपाय एवढाच की लांबवर बाहेर बघायचं. मोबाइल गेला पिशवीत आणि आम्ही बाहेर बघू लागलो. आता आमच्या गाडीत निळे ट्रक मोजतात. धाकट्याला वीसच्या पुढे येत नाही, त्यामुळे वीस झाले की पुन्हा एकपासून. रस्ता कितीही लांब असो, ट्रक वीसच.

विमानाबद्दल एकच सांगते. उतरताना रडणारं बाळ हट्टी नसतं, त्याचे कान दुखत असतात. कानाचा मधला भाग घशाशी जोडणारी नळी मुलांची अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे हवेचा दाब बदलला की कान लवकर मोकळा होत नाही. गिळलं की ती नळी उघडते, म्हणून उतरायला लागताना बाळाला अंगावर पाजायचं किंवा मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यायचं. हे मला माहीत होतं, मी केलंही, तरी बाळ रडलं. पुढच्या सीटवरचे गृहस्थ तीनदा मागे वळून बघून गेले. त्यांना एवढंच सांगायचंय की काका, तुम्हीही कधीतरी असेच रडला असाल. तुम्हाला आठवत नसेल इतकंच.

"अजून किती लांब?" या प्रश्नाचा मला पूर्वी भयंकर राग यायचा. मग कळलं की त्यांना त्यातलं 'किती' कळतच नाही. आइनस्टाइनने १९२८ मध्ये बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांना विचारलं होतं की मुलांना आधी काय कळतं, वेळ की वेग. पियाजेंनी मुलांसमोर दोन वस्तू चालवून पाहिल्या. दोन्ही एकाच वेळी निघतात, एकाच वेळी थांबतात, पण एक जोरात जाते. लहान मुलं सांगत, जी पुढे गेली ती जास्त वेळ चालली. त्यांच्या डोक्यात वेळ आणि अंतर एकच असतं. त्यामुळे "अजून दोन तास" हे उत्तर त्यांच्यासाठी नुसता आवाज. आमच्या धाकट्याने यावर स्वतःच तोड काढली. तो विचारतो, "अजून एक झोप आहे का?" एक झोप म्हणजे लांब. अर्धी झोप म्हणजे जवळ. आजीचं घर दीड झोप. आता मीसुद्धा फोनवर आईला सांगते, निघालोय गं, अर्धी झोप राहिली.

असली वाक्यं मी आता वहीत लिहून ठेवते. फोटो काढायचे बंद केले नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू, पण फोटोत काय येतं? उन्हात डोळे बारीक करून हसणारी दोन पोरं. फोटो काढायच्या आधीचं भांडण येत नाही, "संपली" येत नाही. वहीत मी सहलीचं वेगळं पान ठेवत नाही. दात घासताना आरशातल्या स्वतःला "तू आधी" म्हणणारा धाकटाही त्याच पानावर असतो. मोठी आंघोळीच्या बादलीत पेन्सिल बुडवून "वाकडी का दिसते" म्हणाली होती, तेही. सुट्टी आणि साधा मंगळवार यांत मुलं भेद करत नाहीत. पावसात छत्रीवरून ओघळणारं पाणी बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच धबधबा बघायला.

आणि वहीतलं वाचून दाखवते. हे मी न्यूझीलंडच्या लोकांकडून उचललं. तिथे २००० साली वेगवेगळ्या समाजांतल्या मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात पहिली आठवण विचारली होती. माओरी लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या आसपास. माओरींकडे घरातल्या गोष्टी तोंडी सांगत राहण्याची मोठी परंपरा आहे, आणि फरकाचं कारण त्यात असावं असा अभ्यासकांचा अंदाज. आपल्याकडे सांगणारे काय कमी होते? माझी आजी माझ्याच बारशाची गोष्ट मला अशी सांगायची की मला वाटायचं मी तेव्हा बाजूला उभी होते. आता आपण व्हिडिओ काढतो, चुलत्यामामांच्या ग्रुपवर टाकतो, अंगठे येतात आणि विषय संपतो. पुन्हा कोण उघडून बघतंय?

तर परवाच्या रात्रीचं. मोठीला म्हटलं, खरंच वाहून गेली होती, झोप आता. तेवढ्यात पांघरुणातून धाकट्याचा आवाज आला. "माझी पण गेली होती."

"तुझी नाही रे, माझी," मोठी म्हणाली.

"माझीच. लाट आली, मी दुसरी पण टाकली. तिला एकटं वाटेल म्हणून."

"आई, बघ ना! हा तेव्हा जन्मलापण नव्हता!"

"होतो मी. वाळूत होतो. चप्पल लाल होती."

मोठी उठून बसली. "लाल नव्हती. निळी होती. पट्ट्यावर फूल होतं, आणि ते एका बाजूने निघालं होतं."

मी दिवा बंद करायला गेले होते, तिथेच थांबले. त्या फुलाबद्दल मी तिला कधीच काही सांगितलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

"लाल," धाकटा म्हणाला आणि कूस बदलून झोपून गेला.