हजार वेळा तेच ते

गुरुवारी संध्याकाळी, माझ्या बॅगेची चेन लावून झाल्यावर, सर म्हणाले, "तो फिल्टर आहे ना, त्याचा एक हिस्टोग्राम टाक उद्या सकाळपर्यंत, पाच मिनिटांचं काम आहे." सर ज्याला पाच मिनिटं म्हणतात त्यासाठी मी आईला फोन करून जेवायला थांबू नको असं सांगून ठेवतो.

हिस्टोग्राम म्हणजे कुठल्या टप्प्यात किती आकडे पडले ते दाखवणारे उभे खांब. आणि फिल्टर म्हणजे नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारं सर्किट, आमचं अगदी बाळबोध आरसी. १० किलोओहमचा रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, कटऑफ, म्हणजे जिथून सिग्नल अडायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, साधारण १५९२ हर्ट्झ. पण रेझिस्टर १ टक्का इकडेतिकडे होणार, कॅपॅसिटर १० टक्के, त्यामुळे हजार बोर्ड बनवले की कटऑफही हजार तऱ्हेचे. मग बोर्ड न बनवता, सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून बघणाऱ्या सिम्युलेटरलाच सांगायचं की बाबा हजार वेळा फासे टाक, दर वेळी नवीन किमती घे आणि कटऑफ मोजून ठेव. याला माँटे कार्लो म्हणतात, मोनॅकोतल्या जुगारावरून. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं, कारण त्यांच्यातल्या उलामचे काका म्हणे तिथे जुगार खेळायला नातेवाइकांकडे उधार मागायचे. आमच्याही एका काकांनी रमीत बरेच घालवले, पण आमच्याकडे फक्त काकांनाच नावं ठेवली गेली.

तर हजार रन मिनिटभरात झाले, खरा वेळ पुढे गेला. आमच्या फुकटच्या सिम्युलेटरला हिस्टोग्राम काढताच येत नाही, आकडे लॉग फाइलमधून उचलून एक्सेलमध्ये टाकायचे. हौसेने १ किलोहर्ट्झचा गेनपण (तिथे सिग्नल किती उरतो तो) मोजला होता, तो लॉगमध्ये कंसात डेसिबल, स्वल्पविराम, डिग्री असा नटूनथटून आला आणि एक्सेलने अख्खा कॉलम टेक्स्ट समजून डावीकडे चिकटवला. गेन गेला खड्ड्यात म्हटलं, कटऑफ पुरे.

आता बिन्स, म्हणजे हिस्टोग्रामचे खांब, किती घ्यायचे? स्टर्जेसचा १९२६ चा नियम म्हणतो हजार आकड्यांना ११, वर्गमूळवाले म्हणतात ३२, आणि मी रात्री अकरा वाजता घेतले २००. आई दूध विरजायला उठली होती, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, ही कुणाची बत्तीशी? निम्मे दात पडलेत." ११ घेतले तर दात गेले पण घंटाही दिसेना. पुस्तकात असते तशी मधे फुगलेली, कडेला निमुळती घंटा हवी होती, आणि आलं चक्क पाचगणीचं टेबललँड! डावीकडे उंच, उजवीकडे थोडं उतरतं, दोन्ही टोकांना कडा.

सॅम्पल खराब निघालं असेल म्हणून परत रन केलं. सेम टेबललँड. तिसऱ्यांदा, सेम. मला एकदम धन्य वाटलं, सकाळी सरांना म्हटलं, "सर, तीनदा बघितलं, डिझाइन एकदम स्टेबल आहे." सर म्हणाले, "दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत?"

तेव्हा कळलं की सिम्युलेटरचे फासे दर वेळी त्याच सीडपासून, म्हणजे त्याच सुरुवातीच्या आकड्यापासून, सुरू होतात, घड्याळावरून नवीन सीड घे असं सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. म्हणजे मी रात्री तीन हजार बोर्ड तपासले नव्हते, तेच हजार बोर्ड तीनदा तपासले होते. आणि टेबललँडचं कारण असं की मी वापरलेलं फंक्शन टॉलरन्सच्या, म्हणजे त्या १ आणि १० टक्क्यांच्या, आतली प्रत्येक किंमत सारख्याच हिशोबाने देतं, आणि कटऑफ कॅपॅसिटरच्या उलट चालतो म्हणून माथ्याला तो उतार. एवढं मला सरांनी टिश्यू पेपरवर काढून दाखवलं, चहाचा डाग पडलेल्या बाजूला.

मग गॉसियन लावलं, म्हणजे मधल्या किमती जास्त आणि कडेच्या कमी देणारं फंक्शन. घंटा आली, पण ढोलाएवढी रुंद, कारण १० टक्के हा आकडा मी सिग्मा, म्हणजे घंटेच्या पसाऱ्याचं माप, म्हणूनच टाकला, म्हणजे हजारातले तीनशेच्या वर कॅपॅसिटर लेबलाच्याही बाहेर. सिग्माला तीनाने भागलं तेव्हा कुठे लग्नपत्रिकेवर छापावी अशी सुंदर घंटा आली. दाखवायला गेलो.

सर बराच वेळ बघत राहिले. "छान आहे. पण आपले कॅपॅसिटर असे असतात कशावरून? ड्रॉवरमध्ये रीळ आहे, पन्नास मोजून आण."

पन्नास कॅपॅसिटर, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, चिमट्याने उचलायचे, मीटरला लावायचे, वहीत लिहायचं. दोन उडून टेबलाखाली गेले ते झाडूवाल्या मावशींना मिळाले असतील तर मिळाले. दुपारभर तेच. ९.६१, ९.६३, ९.६२, ९.६०, ९.६३. सगळे एकाच रिळातले, सख्खी भावंडं, हजार बोर्डांची ती घंटा यांच्या गावीही नाही. हिस्टोग्राम काढला तर पूर्ण रिकाम्या माळावर महावितरणचा एकच खांब उभा.

सरांना मेल केला. दोन मिनिटांत रिप्लाय आला, "बिन्स किती घेतलेस?"