पुतिननं धनदांडग्यांना वठणीवर आणलं? जरा तपासून पाहू

एक जुनी चित्रफीत अजूनही फिरते. पुतिन अब्जाधीश ओलेग देरिपास्काला पुढे बोलावतात, करारावर सही करायला लावतात आणि तो वळताच ‘पेन परत द्या’ असं सुनावतात. सोबत मजकूर असतो: ‘लुटारू श्रीमंतांना वठणीवर आणलं, देशाची संपत्ती जनतेला परत दिली. ज्यांना पचलं नाही ते पश्चिमेत पळाले.’ तिन्ही दावे चुकीचे आहेत.

चित्रफीत मात्र खरी आहे. जून २००९, लेनिनग्राद प्रांतातलं पिकाल्योवो. कारखाने बंद, पगार थकलेले. कामगारांनी महामार्ग अडवला, तेव्हा पुतिन आले आणि पगार मिळाले. पण आदल्याच वर्षी देरिपास्काची रुसाल कंपनी परदेशी कर्जापायी अडचणीत आली, तेव्हा सरकारी व्हीईबी बँकेनं तिला साडेचार अब्ज डॉलर दिले होते. ते चित्रफितीत नाही. ज्याला चारचौघांत झापलं, त्याचं साम्राज्य सरकारी पैशानंच तगलं होतं.

संपत्ती जनतेला परत मिळाली का? १९९५ च्या ‘कर्जाच्या बदल्यात शेअर’ योजनेत मोजक्या बँकवाल्यांनी तेल आणि निकेलचे सरकारी उद्योग कवडीमोलानं लाटले. त्याबद्दल रशियन माणसाला चीड येते, ती रास्तच आहे. पण शिक्षा कुणाला झाली ते बघा. युकोस या तेल कंपनीचा मालक मिखाईल खोदोरकोव्स्की विरोधी पक्षांना पैसा देत होता. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याला नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर पकडलं. डिसेंबर २००४ मध्ये युकोसची मुख्य तेल उत्पादक कंपनी लिलावात निघाली. ती घेतली ‘बैकाल फायनान्स ग्रुप’नं. त्वेर शहरातल्या पत्त्यावर नुकतीच नोंदलेली ही कंपनी कुणाच्या ऐकिवातही नव्हती. काही दिवसांतच तिला रोसनेफ्त या सरकारी तेल कंपनीनं विकत घेतलं. रोसनेफ्तचे अध्यक्ष होते इगोर सेचिन, पुतिनचे पीटर्सबर्गपासूनचे सहकारी. आणि ती योजना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या व्लादिमीर पोतानिनचं काय? राजकारणात ढवळाढवळ न केल्यामुळे नोरिल्स्क निकेलचा मोठा हिस्सा त्याच्याच हाती राहिला. २०२२ मध्ये तिन्कोफ बँकेचा संस्थापक ओलेग तिन्कोवनं युक्रेनमधल्या युद्धावर टीका केली. काही दिवसांत त्याला बँकेतला आपला हिस्सा विकावा लागला, तोही पोतानिनच्याच कंपनीला. तिन्कोवच्या म्हणण्यानुसार मिळालेली किंमत खऱ्या मूल्याच्या ३ टक्के होती.

म्हणजे चोरी हा गुन्हा धरलाच नाही, अवज्ञा धरली. अब्जाधीशही घटले नाहीत: २००१ च्या फोर्ब्स यादीत रशियन बोटांवर मोजण्याइतके होते, २०२१ मध्ये शंभराहून अधिक.

आता पळून जाण्याबद्दल. बहुतेक बडे लोक पळाले नाहीत, त्यांना आमंत्रण होतं. ब्रिटननं २००८ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत गुंतवणुकीच्या बदल्यात व्हिसा दिला. २०१४ नंतर त्याचा किमान आकडा २० लाख पौंड होता. हा पैसा आला कुठून, हे लंडननं वर्षानुवर्षं धड विचारलं नाही. त्याचा दोष पश्चिमेच्या पदरात घालायलाच हवा.

सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरती जाहीर झाल्यावर निघालेली माणसं वेगळीच होती. जॉर्जियाच्या सीमेवरच्या वेर्ख्नी लार्स या रशियन नाक्यावर पायी ओलांडायला बंदी होती, म्हणून लोक मिळेल त्या सायकलवर बसून सीमा पार करत होते. कझाकस्तानात दोन आठवड्यांत सुमारे दोन लाख रशियन आले. कझाकस्तान काही पश्चिम नव्हे.

आणि जे थांबले त्यांचं काय झालं? विरोधी राजकारणी इल्या याशिन मुद्दाम मॉस्कोत राहिले. युक्रेनच्या बुचा शहरातल्या हत्यांबद्दल यूट्यूबवर बोलल्याबद्दल त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२४ च्या कैदी अदलाबदलीत त्यांना संमतीशिवाय जर्मनीला पाठवलं. तिथे पोहोचल्यावर पत्रकारांना त्यांनी सांगितलं, की आपल्याला देश सोडायचाच नव्हता.