रश्श्याचं मान्य, आज्जीचं नाही

दादा, ‘जेवायच्या आधी पाच मिनिटं ताटाकडं बघा, कुठून काय आलंय ते आठवा’ असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं: ही पोट भरलेल्यांची थेरं आहेत. तुमच्या आज्जीनं जन्मभर भाकऱ्या थापल्या, पण भाकरी कुठून आली याचा विचार करत ती कधी बसली नाही. मी ताटापुढं डोळे मिटल्यानं ऊसतोड्याच्या पोराला काय मिळणार? आणि जाता जाता, तांबडा रस्सा पाच मिनिटं गार होऊ देणाऱ्या बाईनं स्वतःला कोल्हापूरकर म्हणवून घेऊ नये.

शेवटचं आधी घेते, कारण तिथं मी साफ चुकले. मटणाचा रस्सा निवला की चरबी ओठाला चिकटते. पांढऱ्याचं तर विचारूच नका.

आज्जीचं मात्र पटलं नाही. ती विचार करत बसली नाही, कारण तिला सगळं ठाऊकच होतं. माझी आज्जी परातीत पिठावर पाणी घातल्या घातल्या म्हणायची, ‘विरी गेलीया ह्याची, दळून म्हैना झाला असंल.’ विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. शाळू कुणाच्या रानातला, औंदा दाणा बारीक का, हे तिला विचारलं तर तासभर सांगायची. मला पिशवीवरची तारीख तेवढी वाचता येते. तिच्या हाताला जे कळत होतं, ते मला डोकं खाजवून शोधावं लागतं. त्याला थेरं म्हणा हवं तर.

आता गुळाचं ऐका. मागच्या हिवाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेले होते. लहानपणी काकवी प्यायला जायचो, तेव्हा काहिलीकडं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईकडं, नीट बघितलंच नव्हतं. रस तापायला लागला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं ढकलणारा माणूस वेगळा. त्याचा जाळ जरा चुकला की वरचं सगळं बिघडतं. गुळव्यानं उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला, बोटानं गोळी वळून बघितली आणि नुसती मान हलवली. लगेच काहील वाफ्यात उपडी झाली. ना थर्मामीटर, ना घड्याळ. साधारण दहा किलो उसाला एक किलो गूळ पडतो, आणि आडसाली ऊस असेल तर तो रानात सोळा ते अठरा महिने उभा असतो.

मग गुळव्यानं दोन खडे माझ्यापुढं धरले. एक तांबूस, जवळजवळ चॉकलेटी, दुसरा पिवळाधमक. ‘ताई, घरात कुठला वापरता?’ पिवळा, म्हटलं. तो हसला. पिवळेपणासाठी बऱ्याच ठिकाणी रसात हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर पडते. रंग उजळतो, आणि तो फार टिकतही नाही. ‘काळा न्हेला तर सौद्यात दर पडतोय, मग आमी काय करायचं?’ आपला बराचसा गूळ गुजरातला जातो, तिथंही गिऱ्हाईक गुळाच्या उजळ ढेपेलाच हात घालतं. म्हणजे भेसळ कुणाची, दादा? दुकानात उभी राहून ‘जरा स्वच्छ दिसणारा द्या’ म्हणणारी मीच की. हे मला पुस्तकात कळलं नसतं आणि डोळे मिटूनही कळलं नसतं.

घरी तांबूस गूळ आणला, तर चहा काळा दिसतो म्हणून दोन दिवस कुरकुर झाली. ते चालायचंच.

राहिला ऊसतोड्याच्या पोराचा प्रश्न. माझ्या विचार करण्यानं त्याला काही मिळत नाही. दिवाळीच्या आगंमागं बीडकडच्या टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं. आजारपण असो नाहीतर पाळी, खाडा झाला की पैसे कापले. त्या पायी बीडमधल्या किती बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्या, हे 2019 मध्ये बाहेर आलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. यावर ‘आभारी आहे’ असं ताटापुढं पुटपुटणं खरंच लाजिरवाणं आहे, आणि माझ्या लेखाचा सूर थोडा तसा झाला होता. तुमचा तो घाव वर्मी लागला.

पण तुमच्या प्रतिक्रियेत ऊसतोड्या फक्त साखरेपाशी उभा आहे, तो तिथंच थांबत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध देतात, पेल्यावर बोटभर फेस. तुम्हीही प्यायला असाल. थंडीच्या दिवसांत म्हशीपुढं हिरवंगार काय पडलेलं असतं? उसाचं वाढं. शेंडे तोडून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या आणि गवळ्यांना, म्हैसवाल्यांना विकायच्या, हे काम बहुतेक करून टोळीतल्या बायका-पोरांचं. दिवसभर मोळ्या वाहून झाल्यावर संध्याकाळी रस्त्याकडेला पेंढ्या मांडून बसलेली पोरं मी कित्येकदा बघितलीत, आणि गाडी न थांबवता पुढं गेले. त्या मीठ-तेलाच्या पैशाला घासाघीस करणारी माणसंही बघितलीत. आमच्या घरी म्हैस होती तेव्हा आमच्यातलेच करायचे.

‘पाच मिनिटं’ हे वाक्य काल रात्री लेखातून काढलं. वाढ्याचं आधी लिहायचं राहिलं होतं, ते तिथं घातलंय.