‘नेट गेलं की नास बंद’ हा फॉरवर्ड चुकीचा आहे, एकेक मुद्दा घेऊन बघू

एक मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, नासबद्दल. (नास म्हणजे हार्डडिस्क घातलेला तो डबा, जो आपण वायरने राऊटरला जोडतो आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, फाइली त्यात ठेवतो.) थोडक्यात असा: ‘घरी नास घेऊ नका. नेट गेलं की नास बंद. राऊटरला नेट नसेल तर वायफाय बिनकामाचं. घरातल्या घरात फाइल उघडली तरी ती कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येते आणि तुमचा जीबी जातो. अडकलात तर फायरवॉल बंद करा, एसएमबी वन चालू करा, नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या. त्यापेक्षा सरळ क्लाउड घ्या.’

लोक हे वाचून चांगला चालणारा डबा विकायला काढतायत आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात सांगितलेले उपाय खरंच करून बघतायत, म्हणून एवढं लिहितोय. (नास म्हणजे हार्डडिस्क घातलेला तो डबा, जो आपण वायरने राऊटरला जोडतो आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, फाइली त्यात ठेवतो.)

पहिला दावा, नेट गेलं की नास बंद. राऊटर दोन वेगळी कामं करतो. एक, घरातल्या लॅपटॉप, फोन, टीव्ही, नासला आपापसात जोडणं आणि प्रत्येकाला आयपी पत्ता (नेटवर्कवर ओळखायचा आकड्यांचा पत्ता) देणं. दुसरं, त्या सगळ्यांना बाहेर इंटरनेटवर नेणं. फायबर तुटली की दुसरं काम थांबतं, पहिलं चालूच असतं. सोसायटीचं गेट बंद झालं म्हणून शेजारच्या फ्लॅटमध्ये जाता येत नाही असं होत नाही ना, तसंच. घरात १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते दिसतात (काही ठिकाणी १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे), ते १९९० च्या दशकापासून खाजगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेत, इंटरनेटवर ते चालतच नाहीत. तुमच्या नासचा घरातला पत्ता असाच असणार, तर तो गाठायला इंटरनेट कशाला लागेल?

मग लोकांना नास बंद का दिसतो, तर ते बाहेरच्या रस्त्याने घरात शिरत असतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नास बनवणाऱ्या कंपन्या, त्यांची बाहेरून नास उघडायची सोय म्हणजे सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट, क्यूनॅपचं मायक्यूनॅपक्लाउड, किंवा स्वतःचं डीडीएनएस नाव (घराचा बाहेरचा आयपी बदलला तरी घर शोधून देणारं नाव), सेटअप करताना हेच पुढे येतं आणि सोपं असतं म्हणून सगळे तेच बुकमार्क करून ठेवतात. पण त्या नावाचा पत्ता शोधायलाच नेट लागतं. नेट नाही म्हणजे नाव सापडत नाही, नास आपल्या जागी चालूच असतो. अशा वेळी थेट आयपी टाकायचा. ब्राउझरमध्ये सिनॉलॉजीला आयपीपुढे कोलन ५०००, क्यूनॅपला कोलन ८०८०, कुणी पोर्ट (कोलननंतरचा तो आकडा) बदलला नसेल तर हेच असतात. विंडोजमध्ये फाइली हव्या असतील तर विंडोज की आणि आर दाबून \\१९२.१६८.१.२० असं टाका (तुमचा जो आयपी असेल तो), मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के. मोबाइल ॲपमध्येही क्विककनेक्ट आयडीच्या जागी आयपी चालतो. सुरक्षित पोर्टने (https ने) गेलात तर ब्राउझर सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग दाखवेल, कारण सर्टिफिकेट नावाचं असतं आणि तुम्ही आकडे टाकलेत, आकडे तुमच्याच नासचे आहेत याची खात्री असेल तर पुढे जा.

आयपी माहीत नसेल तर राऊटरच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते, ते पेज नेट नसतानाही उघडतं. सिनॉलॉजी असिस्टंट आणि क्यूफाइंडर प्रो ही सॉफ्टवेअर घरातला नास शोधून देतात पण ती आधीच उतरवून ठेवायला लागतात.

दुसरा दावा, राऊटरला नेट नाही तर वायफाय बिनकामाचं. हा गैरसमज स्क्रीनवरच्या चिन्हामुळे होतो. विंडोज काय करतं, मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून एक छोटी टेक्स्ट फाइल मागवतं, तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं. ती आली नाही की वायफायच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोळा येतो आणि ‘नो इंटरनेट’ दिसतं. त्याचा अर्थ तेवढाच, बाहेरची ती फाइल आली नाही. नास आहे की नाही याची चौकशी विंडोजने केलेलीच नसते.

फोनवर मात्र खरी अडचण होते. आमच्या मामाच्या गल्लीत रस्ता खोदताना फायबर तुटली, तर त्याचा फोन आला की ‘अरे नास गेला वाटतं, फोटो उघडत नाहीत, टीव्हीवर मात्र लग्नाचा व्हिडिओ लागतोय.’ टीव्हीवर लागतोय म्हणजे नास जिवंत. त्याच्या अँड्रॉइडने वायफायला नेट नाही हे बघितलं आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारली, आणि मोबाइल डेटावरून १९२.१६८ चा पत्ता कसा सापडणार. म्हटलं मामा, आधी मोबाइल डेटा बंद कर, वायफायला परत जोड, ‘इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का’ असं विचारेल तिथे हो म्हण. फोटो उघडले. हे एवढंच कारण मला सगळ्यात जास्त वेळा दिसलंय, आणि त्या मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही.

अजून एक बघा, घरात दोन राऊटर असतील, एक नेटवाल्याने बसवलेला आणि एक तुम्ही आणलेला, तर नास एकाला आणि फोन दुसऱ्याला जोडलेला असू शकतो, मग दोघांची गाठ पडेलच असं नाही. गेस्ट वायफायवरही घरातली डिव्हाइस बहुतेक वेळा दिसत नाहीत, ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन असेल तर तो बंद करून बघा, काही व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ताही अडवतात.

तिसरा दावा, घरातली फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येते. आयपीने किंवा मॅप केलेल्या ड्राइव्हने (नासचा फोल्डर लॅपटॉपवर ड्राइव्हसारखा जोडून) उघडलीत तर अजिबात नाही आणि हे स्वतः तपासता येतं. गिगाबिट वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर मोठी फाइल कॉपी केली की सेकंदाला ११० एमबीच्या आसपास स्पीड दिसतो. १०० एमबीपीएसच्या नेट प्लॅनमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२ एमबी येऊ शकतात. मग बाकीचे कुठून आले? राऊटरमधून बाहेरची वायर काढून परत कॉपी करा, तेवढाच स्पीड मिळेल. हो, क्विककनेक्टने बाहेरगावाहून बघताना थेट जोडणी जमली नाही तर डेटा सिनॉलॉजीच्या रिले सर्व्हरमधून (मधे राहून डेटा पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमधून) जातो, तेवढ्यापुरतं मेसेजमधलं खरं आहे. पण ते बाहेरगावाहून.

आणि एका गोष्टीत मेसेजवाल्याची भीती रास्त आहे. काही डबे कंपनीच्या खात्याने लॉगिन करूनच चालतील असे बनवलेले असतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलवर सायबर हल्ल्याचं प्रकरण झालं, त्यांच्या नासची माय क्लाउड सेवा बरेच दिवस बंद होती, आणि लोकांना स्वतःच्या घरात असलेल्या फाइली उघडता येईनात, मग कंपनीने लोकल ॲक्सेस कसा चालू करायचा ते सांगितलं. नासवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी प्लेक्स आणि जेलीफिन ही सॉफ्टवेअर बघा, प्लेक्सचंही लॉगिन त्यांच्या सर्व्हरवरून होतं, नेट नसताना अडू नये म्हणून घरातल्या आयपींना लॉगिनशिवाय परवानगी द्यायची सेटिंग आधीच करून ठेवावी लागते, जेलीफिनची खाती मात्र तुमच्याच मशीनवर असतात. तेव्हा विकत घेताना दुकानदाराला विचारायचं ते हे, की लोकल खातं बनवता येतं का.

आता त्या उपायांबद्दल, इथे मला खरंच राग येतो. फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी विंडोजची सोय) बंद करून काही मिळत नाही, कारण लॅपटॉपकडून नासकडे जाणारी मागणी विंडोजचं फायरवॉल मुळात अडवतच नाही. एसएमबी वन (नेटवर्कवरून फाइली उघडायची जुनी पद्धत) तर चालू करूच नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या एसएमबी वनमधल्या भोकातून, हॉस्पिटलं बंद पडली होती, आणि त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ते आधीपासून घातलेलं नसतं. एखादा फारच जुना नास त्याशिवाय बोलत नसेल तर त्याचं अपडेट शोधा. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर ज्यांचा नास एकदम उघडेनासा झाला त्यांचं कारण वेगळंच असतं, प्रो आवृत्तीत आता पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश चालत नाही. नासवर युजर आणि पासवर्ड बनवा, त्याने आत जा, झालं.

नेटवाल्याचा स्टॅटिक (कधी न बदलणारा) आयपी बाहेरून घरात यायला लागतो, दर महिन्याला पैसे भरून घरातली अडचण त्याने सुटत नाही. राऊटर रीस्टार्ट झाल्यावर नासचा घरातला आयपी बदलू नये एवढंच हवंय ना, मग राऊटरमध्येच डीएचसीपी रिझर्व्हेशन करा (राऊटर नासला दरवेळी तोच आयपी देईल अशी सेटिंग), फुकट आहे.

लाईटचंही बघा. बऱ्याचदा लाईट आणि नेट एकत्र जातात, राऊटर इन्व्हर्टरवर असतो आणि नास साध्या बोर्डवर, मग दोष नेटला जातो. नासला यूपीएस हवाच, अचानक बंद पडणं डिस्कला आणि फाइलींना चांगलं नाही. राऊटरच मेला असेल तर लॅपटॉप आणि नास एका लॅन वायरने थेट जोडा, दोघंही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात आणि वर सांगितलेली सॉफ्टवेअर नास शोधून देतात. फक्त नासमध्येच आयपी पक्का करून ठेवला असेल तर लॅपटॉपलाही त्याच मालिकेतला आयपी हाताने द्यावा लागेल.

राहिला शेवटचा सल्ला, त्यापेक्षा क्लाउड घ्या. मेसेजची तक्रारच अशी आहे की नेट गेल्यावर फाइली दिसत नाहीत, आणि नेट गेल्यावर क्लाउडमधलं फोनवर किंवा लॅपटॉपवर आधी उतरवलेलं तेवढंच दिसतं, बाकी काही नाही. नासला आग लागली, चोरी झाली तर बाहेर एक कॉपी हवी, त्यासाठी क्लाउड जरूर घ्या, मीही घेतलंय.