हातचं करिअर कसं घालवावं: जॉन कॅसाव्हेटीस पद्धत

नट म्हणून बरं चाललंय, पैसे वेळेवर मिळतात, रस्त्यात लोक ओळखतात? मग हे सगळं शिस्तीत धुळीला मिळवायची वेळ झाली. न्यूयॉर्कचा नट आणि दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटीस (१९२९–१९८९) याने याची पद्धत घालून दिली आहे. नाटक आणि टीव्ही करून नाव झालं की लगेच सुरुवात करावी, उशीर केल्यास अक्कल येण्याचा धोका असतो.

आधी पैसा. १९५७ साली त्याने रेडिओच्या रात्रीच्या कार्यक्रमात श्रोत्यांकडे सिनेमासाठी पैसे मागितले आणि साधारण दोन हजार डॉलर जमले. ‘शॅडोज’ या त्या पहिल्या सिनेमाचा खर्च पोचला चाळीस हजारांच्या घरात. मधल्या आकड्याचं काय, असं विचारणाऱ्यांनी बँकेत नोकरी धरावी.

कॅमेरा १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा घ्या. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, ३५ मिलिमीटरमध्ये तेवढीच फिल्म साडेचार मिनिटांत संपते. म्हणजे नटांना भांडायला, रडायला, परत भांडायला ऐसपैस वेळ. जमिनीवर उभं राहायच्या खुणा करू नका, नट जातील तिकडे कॅमेरा जाईल. फोकस सुटेल आणि थिएटरसाठी ३५ वर मोठं करताना फिल्मचे दाणे वाटाण्याएवढे दिसतील. त्याला वास्तववाद म्हणावं. पटकथा मात्र लिहू नका. ‘शॅडोज’चे संवाद नीट ध्वनिमुद्रित झाले नव्हते आणि कागदावरही नव्हते, तेव्हा पडद्यावर कोण काय बोललं हे शोधायला ओठ वाचणारी माणसं बसवावी लागली. एवढी सोय कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये नाही.

सिनेमा झाला की दाखवा, लोकांना आवडला की मोडा. १९५८ची पहिली आवृत्ती समीक्षक जोनास मेकासने उचलून धरली, तर याने पुढच्या वर्षी बराच भाग नव्याने, बऱ्यापैकी लिहून काढून शूट केला. मेकास नाराज. आणि शेवटी पाटी: आपण पाहिलात तो उत्स्फूर्त आविष्कार होता! पुढे तो पटकथांची पानंच्या पानं लिहीत राहिला, पण ही पाटी काही पुसली गेली नाही.

मोठ्या कंपन्यांनी बोलावलं तर जावं, पण टिकू नये. ‘अ चाइल्ड इज वेटिंग’च्या (१९६३) वेळी निर्माता स्टॅन्ली क्रेमरशी संकलनावरून बिनसलं, चित्रपट हातातून गेला. नंतर पुन्हा नटाची कामं. आपल्याकडे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. याने ‘द डर्टी डझन’ या युद्धपटात (१९६७) लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, ऑस्करचं नामांकन घेतलं आणि अशी मिळकत ‘फेसेस’मध्ये (१९६८) ओतली. तो स्वतःच्या आणि सासूबाईंच्या घरात चित्रित झाला, संकलनात वर्षं गेली. सासूबाईंनी हे चालू दिलं, हा या कारकिर्दीतला खरा चमत्कार.

‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी (१९७४) घर गहाण टाकलं, नट दोस्त पीटर फॉकने पाच लाख डॉलर घातले. नायिका बायकोच, जिना रोलँड्स. तिच्या आईच्या भूमिकेत तिची आई आणि सासूच्या भूमिकेत तिची खरीखुरी सासू. मानधनाची घासाघीस वाचते. सेटवरचं वातावरण कसं असेल हे ज्याने त्याने आपल्या घरावरून ताडावं. वितरक मिळाला नाही, तर फोन फिरवून थिएटरं स्वतः ठरवावीत. इथे मात्र पद्धत फसली. चित्रपट चालला, दिग्दर्शक आणि नायिका दोघांनाही ऑस्करची नामांकनं.

घाबरू नका, नफा बुडवता येतो. ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’ (१९७६) १३५ मिनिटांचा काढला, आपटला. दोन वर्षांनी १०८ मिनिटांचा करून पुन्हा आणला. मग ‘ओपनिंग नाइट’ (१९७७): रंगभूमीवरच्या नटीची गोष्ट, रोलँड्सचं थक्क करणारं काम आणि अमेरिकेत वितरक एकही नाही. नाटकवाल्याने नाटकावर सिनेमा काढून तो कपाटात ठेवणं ही या पद्धतीची परमावधी.

आता कमी खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटाला त्याच्या नावाने अमेरिकेत पुरस्कार देतात. खर्च पाच लाख डॉलरच्या आत हवा, अशी अट बरीच वर्षं होती. ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ तिथे पाठवला असता, तर एकट्या फॉकच्या पैशांवरच तो बाद झाला असता.