ते 81 हजार पुरुष बायकांमुळे गेले, हे खरं नाही

परवा आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेल, दर काही महिन्यांनी तो फिरत येतो. मजकूर थोडक्यात असा: वर्षाला 81 हजार विवाहित पुरुष आत्महत्या करतात, विवाहित बायका फक्त 28 हजार. म्हणजे पुरुष मरतात ते बायकोच्या जाचाने आणि 498अ च्या (विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम, 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय) धाकाने. सगळ्या योजना मुलींसाठी, म्हणून मुलगे मागे पडले. आणि पुरुषांच्या दुःखाचा जगात कुणी अभ्यासही करत नाही.

त्याच ग्रुपवर माझी वहिनी आहे. माझा मोठा भाऊ 2021 साली आत्महत्या करून गेला. मेसेजमधला आकडाही 2021 चाच आहे, म्हणजे त्या 81 हजारांत आमचा दादा आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आकडा खोटा नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, 2021 च्या अहवालात 81,063 विवाहित पुरुष आणि 28,680 विवाहित स्त्रिया अशीच नोंद आहे. हेच आकडे घेऊन राष्ट्रीय पुरुष आयोगाची मागणी करणारी याचिका 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला आणि ती मागे घेतली गेली. गडबड आहे ती ‘म्हणजे’ या शब्दात.

त्या वर्षी देशात एकूण 1,18,979 पुरुषांनी आणि 45,026 स्त्रियांनी आत्महत्या केली. भागाकार करून बघा. गेलेल्या पुरुषांतले 68 टक्के विवाहित होते आणि गेलेल्या स्त्रियांतले 64 टक्के. फारसा फरक नाही, कारण आपल्याकडे वयात आलेली बहुतेक माणसं लग्न झालेलीच असतात. आता विवाहित बाजूला काढा. अविवाहित, विधुर, घटस्फोटित असे बाकीचे सगळे धरले, तरी पुरुष 37,916 आणि स्त्रिया 16,346 उरतात. म्हणजे ज्यांच्या घरात बायको नाही, त्यांच्यातही पुरुषांचा आकडा दुपटीहून मोठा. बायको हेच कारण असतं तर इथे दोन्ही आकडे जवळ यायला हवे होते. अमेरिकेत 498अ नाही, तरी तिथे आत्महत्या करणाऱ्या दर पाचांत जवळपास चार पुरुष असतात.

कारणांचा तक्ता त्याच अहवालात आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडलेला दिसत नाही. लग्नाशी निगडित कारणं 4.8 टक्के, तीही स्त्री-पुरुष दोघांची मिळून. आजारपण 18.6 टक्के. सगळ्यात मोठा वाटा ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्याचा, 33.2 टक्के. काका लगेच म्हणाले, “कौटुंबिक म्हणजे बायकोच की!” नाही काका. त्या रकान्यापुढेच लिहिलंय की यात लग्नाशी संबंधित कारणं धरलेली नाहीत.

मग त्या रकान्यात असतं तरी काय? आमच्या घरी तो कसा भरला गेला, ते मी पाहिलंय.

दादा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. व्हॅन कर्जावर घेतलेली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत मिळाली, पण व्याज चढतच राहिलं आणि सवलत संपली तेव्हाही शाळा बंदच होत्या. वहिनीने पाटल्या मोडून तीन हप्ते भरले. नंतर वसुलीची माणसं दारात यायला लागली आणि एके सकाळी व्हॅन घेऊन गेली. दादाने यातलं मला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. फोन केला की म्हणायचा, “चाललंय, तू तुझं बघ.” पुढे तो गेला तेव्हा पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी विचारलं, घरात काही वाद? बाबा म्हणाले, तसं मोठं काही नाही, थोडी कुरबुर होतीच. कागदावर ‘घरगुती कारण’ असं लिहिलं गेलं. सगळं दहा मिनिटांत उरकलं.

एका माणसाच्या मरणामागे एकच कारण कधी नसतं, हे मला आता कळतंय. पण त्या कागदावर कर्ज नाही, बंद शाळा नाहीत, रात्र-रात्र जागणं नाही. गावात मात्र कुजबुज सुरू झाली, ‘बायकोनेच काहीतरी केलं असणार’. हा मेसेज त्या कुजबुजीवर शिक्का मारतो.

2021 च्याच अहवालात रोजंदारीवर जगणारे 42,004 जण आहेत, म्हणजे दर चौघांत एक. त्यातले 37,751 पुरुष. दादासारखे स्वतःचा धंदा करणारे 20,231. कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन उभे राहा. हातात डबा, पिशवीत थापी, आणि दहा वाजले तरी कुणी बोलावलं नाही की तो माणूस घरी जायला पाय उचलत नाही, कारण घरी काय सांगायचं हा प्रश्न असतो. पुरुषांचं दुःख शोधायचं तर तिथे शोधा.

498अ चा गैरवापर होतो, निरपराध सासू-सासरे आणि नवरे भरडले जातात, हे मी नाकारत नाही. 2014 साली अर्णेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला चाप लावला तो त्यामुळेच. पण त्या भरडलेल्यांना न्याय हवा असेल, तर त्यांची संख्या इतरांच्या मरणाने फुगवू नका.

मुलगे मागे पडताहेत, हे मात्र खरंच आहे. 2025 च्या दहावीच्या निकालात मुली 96.14 टक्के, मुलगे 92.31 टक्के. बारावीत मुली 94.58, मुलगे 89.51. युनेस्कोने 2022 मध्ये जगभरातल्या मुलग्यांच्या गळतीवर अहवाल काढला, त्यात कारणं सांगितली आहेत: गरिबी, लहान वयात कामाला लागणं, शाळेतला मार, आणि ‘अभ्यास हे पोरींचं काम’ ही समजूत. मुलींच्या योजनांनी त्यांचा घास पळवला, असं त्यात कुठेही नाही. माझा पुतण्या नववीत असताना गॅरेजवर जायला लागला. मुलीला सायकल मिळाली म्हणून तो गेला नाही. घरात मिळवतं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गेला.

राहिलं ‘कुणी अभ्यासच करत नाही’. आयर्लंडने 2008 साली पुरुषांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण केलं, जगात पहिलं. परदेशातल्या विद्यापीठांत पुरुषपणावर गेली तीस-चाळीस वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्याचा पाया बऱ्याच अंशी स्त्री-अभ्यासानेच घातला. आपल्या मुंबईत 1993 पासून ‘मावा’ ही संस्था तरुण मुलग्यांशी राग, लैंगिकता, मारहाण यांवर बोलत आली आहे. हे सगळं पुरुषांसाठीच चाललंय. तरी आपल्याकडे हे काम फार थोडं आहे, हे काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. विवाहित किती, हा एक तक्ता आणि कारणं कोणती, हा दुसरा. मेसेजवाले त्यांची आपल्या मनाने गाठ मारतात, ती अभ्यासकांनी घरोघरी बसून, विचारून मारायला हवी. ज्यांना आतून कोंडल्यासारखं होतंय त्यांच्यासाठी 14416 ही सरकारची ‘टेलिमानस’ मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर त्या मेसेजखाली असता तरी मी काकांचे आभार मानले असते.

दादाची एक निळी डायरी आहे. हप्त्याची तारीख, किती भरले, कुणाकडून उसने घेतले, सगळं त्याच्या तिरक्या अक्षरात. शेवटच्या दोन महिन्यांत नुसत्या तारखा आहेत, पुढे रक्कम नाही. वहिनीने ती कपाटात जपून ठेवली आहे. पोलिसांनी, बँकेवाल्यांनी, नातेवाइकांनी, कुणीच ती आजवर बघायला मागितलेली नाही.